ठिणगी अडते कुठे?

ठिणगी या शब्दावर मराठी वाङ्मयाने फार प्रेम केले आहे. क्रांतीची ठिणगी, प्रतिभेची ठिणगी, असंतोषाची ठिणगी; सगळीकडे ती आपसूक पडते. ती पडत नसेल तर का पडत नाही, हा प्रश्न आम्हां मराठीच्या प्राध्यापकांच्या वाट्याला सहसा येत नाही. माझ्या वाट्याला तो आला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीमुळे.

अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. गाडी कोल्हापूरच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते, त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि ती मुदत जवळ आली होती. स्टार्टर फिरत होता, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत होते, पण इंजिन पेट घेत नव्हते. एका गॅरेजने प्लग बदलले, मग कॉईल बदलली, दोन्हींचे पैसे घेतले आणि शेवटी सांगितले, "मॅडम, गाडीचं वय झालंय." धाकट्या भावाला हे पटले. भंगारवाल्याचा भाव त्याने विचारूनही ठेवला.

'वय झालं' हे विधान खोटे नसते, म्हणूनच ते धोक्याचे असते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन पिढ्या वाहिल्या. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. तो नियम होता, निदान नव्हते. नियमाला वय पुरते. निदानाला पुरत नाही. अण्णांच्या थकव्यालाही एका दवाखान्यात हेच उत्तर मिळाले होते. रक्त तपासायला सांगितले ते दुसऱ्या डॉक्टरांनी, वर्षभराने. हिमोग्लोबिन सहावर आले होते. पोटात हळूहळू रक्तस्राव होत होता. उपचारांनंतर दहा महिने ते हिंडते-फिरते राहिले. आधीचे वर्ष मात्र परत मिळाले नाही.

त्यामुळे गाडीच्या बाबतीत तेच वाक्य ऐकल्यावर मी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावले. अण्णांची गाडी त्यांच्याच हाताखाली वाढलेली. ते आले तेव्हा त्यांच्या खिशात एक पाना, एक पोलिशपेपरचा तुकडा आणि दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा छोटा बल्ब होता. त्यांनी काही उघडण्याआधी मला बसवून गाडीची रीत सांगितली.

बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉईलच्या जाड तारेच्या वेटोळ्यांतून जातो आणि डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटमधून बॉडीला मिळतो. पॉइंट मिटलेले असताना कॉईलमध्ये चुंबकत्व साठते. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी कॉईलच्या बारीक तारेच्या हजारो वेटोळ्यांत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब निर्माण होतो. रोटर तो दाब ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पोचवतो. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पण इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी सेकंदाला शंभर वेळा हे घडावे लागते. ठिणगी जोडण्यातून नव्हे तर तोडण्यातून पडते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पण तोडण्यासाठी आधी जोडलेले असावे लागते.

मग चौकशी सुरू झाली. कॉईलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमधून काढून काकांनी इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी नाही. म्हणजे प्लग, कॅप, रोटर यांच्यापर्यंत प्रकरण पोचतच नव्हते. नंतर त्यांनी बल्बची एक तार बॉडीला आणि दुसरी कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला लावली. बल्ब लागला. बॅटरी, स्विच, तिथवरची वायर निर्दोष. मग कॉईलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्यूटरकडच्या टोकाला. इंजिन फिरताना इथे बल्ब उघडझाप करायला हवा. तो स्थिर पेटून राहिला. म्हणजे पॉइंट मिटले तरी प्रवाहाला बॉडीची वाट मिळत नव्हती. काकांनी पॉइंट घासून स्वच्छ केले, फरक नाही. शेवटी पॉइंट उघडे ठेवून त्यांनी बल्ब थेट पॉइंटच्या हलत्या पात्याला लावला. अंधार. कॉईलच्या टोकाला वीज होती आणि वीतभर अंतरावरच्या पात्याला नव्हती. मध्ये फक्त डिस्ट्रिब्यूटरच्या आत जाणारी छोटी वायर. तिचे वेष्टण शाबूत होते; आतले तांब्याचे धागे कंपनांनी तुटले होते.

"ताई, अंदाज कुणीबी करतंय," काका म्हणाले, "बल्बाला इचारायचं."

बाहेरून अखंड आणि आतून तुटलेली तार! आमच्यापैकी कुणीही तिचे लगेच रूपक केले असते: घराचे, नात्याचे, काळाचे. रूपकाची सोय अशी की त्याला कुठेही बल्ब लावता येत नाही. समीक्षेत आम्ही एकेका कवितेचे पाच-पाच अन्वय लावतो आणि पाचही शेवटपर्यंत टिकतात, कारण आपला अन्वय कशाने खोटा ठरेल हे कुणी आधी सांगत नाही. काकांच्या प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणण्याची मुभा होती, आणि प्रत्येक 'नाही'ने शोधाचे क्षेत्र निम्मे होत होते. साहित्य म्हणजे मोटार नव्हे, हे मान्य. पण जिथे बल्ब लावता येतो तिथेही आपण अन्वयावर भागवतो, हे काही साहित्यामुळे घडत नाही. माणसांच्या बाबतीत तर ते फारच सर्रास घडते.

वायर बदलायला दहा मिनिटे लागली. काकांनी मजुरी घेतली, चहा घेतला. तिसऱ्या प्रयत्नात गाडी धरली, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन काही न बोलता उभी राहिली. तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली. भाव विचारून ठेवलेला भंगारवाला अधूनमधून भावाला फोन करतो. नोंदणी पाच वर्षांची आहे. पुढचे पुढे पाहू.