बर्लिनला शिकायला गेलेल्या मुली



आपल्या घरांतली नातवंडे लष्करातली सेवा आटोपली की जग बघायला निघतात. कुणी भारतात जाते, कुणी दक्षिण अमेरिकेत. ह्यात आता नवल राहिलेले नाही. पण हल्ली विद्यापीठे एकमेकांकडे वर्षभरासाठी विद्यार्थी पाठवतात, आणि त्यात काहींच्या वाट्याला जर्मनी येते. मग मात्र घरातली म्हातारी माणसे गप्प होतात. माझ्या नातीला बर्लिन मिळाले तेव्हा आमच्याकडेही तसेच झाले.

आपण बेने इस्राएल त्या आगीत सापडलो नाही, ही देवाची कृपा. पण १९३३ नंतर जर्मनीतून जीव वाचवून मुंबईला आलेले यहुदी आपल्या वडिलांनी पाहिले होते. आणि इथे आल्यावर तर हातावर नंबर गोंदलेली माणसे शेजारीच राहायला होती. तेव्हा म्हाताऱ्यांचे गप्प होणे उगाच नव्हते.

वर्ष संपत आले तसे मुलाने माझे तिकीट काढले आणि मी आठ दिवस नातीकडे राहून आले. बर्लिनची सगळी वर्णने लिहीत बसत नाही. एकाच भागाबद्दल लिहिते, कारण त्याचा आपल्या पुण्याशी संबंध आहे.

हा भाग म्हणजे शहराच्या नैर्ऋत्येचे डाहलेम. यू-३ ही रेल्वे म्हणायला भुयारी, पण इथे ती उघड्या खंदकातून जाते. डाहलेम-डोर्फ ह्या स्टेशनाला गवताने शाकारलेले छप्पर आहे. ते पाहून मला कोकणातलीच घरे आठवली. पुढच्या स्टेशनावर उतरले की विद्यापीठ लागते. रुंद सावलीचे रस्ते, बागांमधले बंगले, सायकलवर जाणारी मुले. इथल्या एका इमारतीला हान आणि माइटनर ह्या दोन शास्त्रज्ञांचे नाव आहे. अणूच्या विभाजनाचा शोध तिथे १९३८ च्या डिसेंबरात लागला. पण लीझे माइटनर यहुदी घरात जन्मलेल्या, त्यांना त्याच वर्षीच्या जुलैमध्ये देश सोडून पळावे लागले होते.

तिथून जवळच ईनेश्ट्रासे नावाचा रस्ता आहे. त्यावरच्या २२ नंबरच्या वास्तूत आज राज्यशास्त्र शिकवतात. १९२७ साली ती मानववंशशास्त्राची आणि आनुवंशिकतेची संस्था म्हणून उघडली. तिचे प्रमुख होते प्राध्यापक ऑयगेन फिशर. त्याच सुमारास पुण्याहून एक मराठी मुलगी त्यांच्याकडे शिकायला आली. ह्या इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. शाळा पुण्याला हुजूरपागेत झाली. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर हे त्यांचे यजमान. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, म्हणून बायकोनेही जावे असे त्यांना वाटले. सासऱ्यांचा मात्र विरोध होता. ज्यांनी विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्यांनाही सुनेचे इतक्या लांब जाणे पटेना! शेवटी जीवराज मेहतांकडून कर्जाऊ पैसे घेऊन त्या निघाल्या. १९३० पर्यंत त्या बर्लिनला होत्या. एका वर्षाला गेलेल्या नव्हत्या, चांगल्या लांबच्या मुक्कामाला.

बालवाचकांनो, आता जरा आरशात बघा. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर दिसते की नाही? कुणाचाच चेहरा डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारखा नसतो. डोक्याच्या कवटीचेही तसेच. फिशरसाहेबांचे म्हणणे असे, की गोऱ्या युरोपियन लोकांच्या कवटीत हा फरक जास्त असतो, कारण त्यांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, आणि म्हणून ते अधिक हुशार असतात. हे मापे घेऊन तपासायचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या. आणि निष्कर्ष लिहिला, की कवटीच्या वाकडेपणाचा वंशाशी काहीएक संबंध नाही. गोऱ्याची कवटीही वाकडी, काळ्याचीही वाकडी.

ह्यात काय एवढे, असे तुम्ही म्हणाल. पण विचार करा. परका देश, परकी भाषा, उसने पैसे, वय पंचविशीच्या आत. डॉक्टरेट ज्यांच्या हातात, त्या गुरूचीच कल्पना खोटी ठरत होती. मापे जराशी इकडेतिकडे केली असती तर कोण बघायला येणार होते? त्यांनी ती केली नाहीत. तो प्रबंध जर्मनीत १९३१ साली छापलाही गेला.

त्याच देशात सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. १९३३ मध्ये हिटलर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे ह्याच संस्थेत आउश्वित्झहून मारलेल्या माणसांचे अवयव तपासायला येत. पाठवणारा होता डॉक्टर मेंगेले. आज त्या वास्तूवर हे सांगणारी पाटी आहे.

२०१४ साली जवळच खोदकाम करताना माणसांची हाडे सापडली. पुढे आणखी शोध घेतला तेव्हा सुमारे १६,००० तुकडे निघाले. ही माणसे कोण, कुठली? डीएनए तपासून त्यांची पुन्हा वंशवार वाटणी करायची नाही, असे संबंधित समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरले. मार्च २०२३ मध्ये सगळ्यांचे दफन डाहलेमच्या वनातल्या दफनभूमीत एकत्र केले. मी तिथे उभी राहिले आणि आपल्या रिवाजाप्रमाणे एक लहान दगड ठेवला. कोणाच्या नावाने ठेवला, ते मलाही सांगता येणार नाही.

इरावतीबाई मायदेशी येऊन काय झाल्या, हे आपल्यातल्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. डेक्कन कॉलेजात शिकवले, ‘युगान्त’ लिहिले, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मोजमापाचे काम त्यांनी सोडले नाही. महाराष्ट्रभर फिरून जातीजातींची मापे घेतली. म्हणजे बर्लिनला शिकलेली विद्या त्यांनी टाकली नाही, पण मोजायला लागण्याआधीच उत्तर ठरवून ठेवायचे नाही, हेही त्या विसरल्या नाहीत. पंढरीच्या वारीत त्या पायी गेल्या. तिथे एकाच दिंडीत ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला वेगळी बसतात, हे त्यांच्या मनाला लागले आणि त्यांनी ते लिहिले. लांब जाऊन आलेल्या माणसाला घरातले नेहमीचे असे नव्याने दिसू लागते.

माझ्या नातीचे तेच झाले. बटाट्याचे पदार्थ करायला शिकली, रविवारी आवाज करू नये हे शिकली, वेळ पाळू लागली. हे सगळे वरवरचे. खरा बदल मला कळला तो ईनेश्ट्रासेवरून परत येताना. गाडीत ती मला म्हणाली, “आजी, आपल्यात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असं होतं ना? मग आपण कोण?”

हा प्रश्न तिने इथे असताना कधी विचारला नव्हता. मी तिला खरे ते सांगितले. आमच्या घरचे स्वतःला गोरे म्हणवीत. माझी आजी सांगे, की काळा इस्राएल म्हटलेल्यांशी सोयरीक होत नसे आणि जेवणही वेगळे. मशीद एक, शेमा एक, आणि तरीही वेगळे. मग मी तिला दुसरी बाजूही सांगितली. १९६२ पासून इथल्या रब्बीनेटने लग्नाच्या वेळी आपल्याच पिढ्यांची चौकशी मागितली, तेव्हा आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये सरकारने क्नेसेटमध्ये जाहीर केले, की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. तेव्हा गोरे आणि काळे सगळे एकाच चटईवर होते.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हे लिहून ठेव, आजी.” म्हणून हा लेख.

वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की नातवंडे जर्मनीला निघाली तर त्यांना अडवू नका, पण रिकाम्या हातीही पाठवू नका. आपली गोष्ट, चांगली आणि वाईट, दोन्ही सांगून पाठवा. आणि मुलांनो, परत आलात की काय खाल्ले, काय पाहिले ते जरूर सांगा. पण तिथे कोणती गोष्ट तुम्हाला पटली नाही, आणि ती तुम्ही कोणाला तोंडावर सांगितलीत का, तेही सांगा. आम्ही ऐकायला बसलोच आहोत.