ध्वनिक्षेपकाविना

वाद्यवृंदाच्या गजरातून, शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यापर्यंत, कोणत्याही यंत्राचे साहाय्य न घेता केवळ श्वासाच्या बळावर स्वर पोहोचविणे हा ज्यांचा धर्म, त्या सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीच्या, गायिकांविषयी मला ममत्व वाटू लागले ते उतारवयात, सिडकोच्या बेलापूर येथील दप्तरातून निवृत्त होऊन नेरुळला स्थिरावल्यावर. आणि त्याला निमित्त झाली आमच्या शेजारची मुलगी. मूळचे गोव्याचे ते कुटुंब; आजोबा गावच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत, आणि नातीच्या वाट्याला आला होता उंच, निर्मळ कंठ. प्रारंभी तिचा रियाज मला परका वाटे, कारण वरच्या सप्तकात शब्द मुळीच कळत नसत, आणि ज्याचे कान नाट्यसंगीतावर पोसले गेले आहेत त्याला शब्द हरवलेले गाणे सहसा मानवत नाही.

एकदा मी तिला तसे स्पष्टच सांगितले. "काका, तिथे 'इ' आणि 'आ' जवळजवळ एकच होतात, कुणी कितीही मोठी गायिका असो," ती म्हणाली, आणि मग तिने मला त्यामागचे शास्त्र समजावून दिले. मुखाच्या पोकळीला तिचा स्वतःचा असा एक नाद असतो व तो जिथे पडतो त्यावरून आपण 'इ', 'आ' हे उच्चारातले स्वर ओळखतो. परंतु सोप्रानोची झेप सेकंदाला हजाराहून अधिक कंपनांपर्यंत जात असल्यामुळे गायचा स्वरच त्या नादाच्या वर निघून जातो, आणि गायिका जबडा अधिक उघडून तो नाद गायच्या स्वराशी आणून जुळविते. तसे केल्याने आवाजाला जे बळ चढते त्याच्या जोरावर तो वाद्यांना भेदून जातो. अक्षर मात्र पुसट होते. हे कळल्यावर त्या गाण्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली. माझे वडील गिरगावात वाढलेले. बालगंधर्वांना त्यांनी ध्वनिक्षेपकाविना ऐकले होते, आणि ती हकीकत सांगताना आवाज शेवटच्या बाकापर्यंत कसा येई याचेच वर्णन ते अधिक करीत. शब्द आणि आवाजाची पोच या दोहोंचा हिशेब त्या काळच्या आमच्या नटांनाही उंच पट्टीत गाऊन मांडावाच लागत होता.

याच मुलीच्या तोंडून मी पॅट्रिशिया रोझारिओ हे नाव प्रथम ऐकले. १९६० साली मुंबईत जन्मलेल्या या गायिकेला कंठ ईश्वराने दिला होता, परंतु तो ऑपेरासाठी तयार करून घेणारी संस्था त्या काळी या शहरात नसल्याने लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये जाऊन शिकावे लागले. पुढे जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने तिचा आवाज मनात धरून तीसहून अधिक रचना केल्या. १९९२ साली त्यांच्या 'मेरी ऑफ ईजिप्त' या ऑपेरात प्रमुख भूमिका तिनेच प्रथम उभी केली. एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्त यांनीही तिच्यासाठी रचना लिहिली. २००१ साली ब्रिटिश सरकारने तिला ओबीई हा किताब दिला. एका जिवंत रचनाकाराने आपल्या कंठाच्या मापाने संगीत लिहावे याहून थोर सन्मान गायिकेला दुसरा नसावा. तरीही माझ्या मते तिच्या चरित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट निराळीच आहे. पती मार्क ट्रूप या पियानोवादकासह २००९ पासून ती भारतात वारंवार येऊन इथल्या तरुणांना गाणे शिकवू लागली. ज्या वाटेवर आपल्याला देशत्याग करावा लागला, ती वाट मागून येणाऱ्यांसाठी थोडी तरी सुगम करणे हे मोठ्या मनाचे काम होय.

त्या शिकवणीचे फळ मी प्रत्यक्ष पाहिले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते उद्घाटन झालेले, पुढे चित्रपटगृह बनलेले आणि १९९३ पासून बंद पडलेले गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस, आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार केल्यावर २०१६ च्या ऑक्टोबरात उघडले, आणि त्या प्रसंगी रोझारिओ तेथे गायली. पुढच्याच वर्षी तिच्या तालमीतल्या भारतीय गायकांनी तेथे चिमारोझाचा 'इल मात्रिमोनियो सेग्रेतो' हा ऑपेरा सादर केला. शेजारच्या मुलीबरोबर मी नेरुळहून लोकलने, कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलीत, चर्नी रोडला पोहोचलो. ज्या रंगभूमीवर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, तिच्यासमोर मखमली खुर्चीत बसताना मला वडिलांची फार आठवण झाली.

कथानक मला क्षणात आपले वाटले. एक बहिरा धनिक बाप, कन्येचे नाते सरदार घराण्याशी जोडण्याची त्याची हाव, आणि आधीच गुपचूप विवाह करून बसलेली दुसरी कन्या. देवलांच्या 'शारदे'तला कांचनभट इटलीत जन्मला असता तर असाच वागला असता. १७९२ साली व्हिएन्नात झालेल्या पहिल्या प्रयोगानंतर सम्राट दुसरा लिओपोल्ड याने मंडळींना भोजन घालून तोच ऑपेरा पुन्हा पहिल्यापासून करविला, अशी आख्यायिका आहे. 'वन्स मोअर'च्या आरोळीवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्याचे नवल वाटू नये. नायिकेचे काम करणाऱ्या तरुणीचा पहिला उंच स्वर आला तेव्हा मी अभावितपणे रंगमंचाच्या कडेला ध्वनिक्षेपक शोधला. वडील ज्याचे वर्णन करीत असत ते काय होते, हे मला त्या वेळी प्रथमच उमगले. आवाज भिंतींना, छताला, माझ्या खुर्चीच्या लाकडालाही स्पर्श करून येत होता.

परतताना गाडीत ती मुलगी फारशी बोलली नाही. मानखुर्दच्या पुढे खाडी लागल्यावर मात्र तिने मला विचारले, "काका, नाट्यपदे शिकायला कुठून सुरुवात करायची?" मी तिला 'सौभद्र' सांगितले. आता ती शनिवारी सकाळी दोन लहान मुलींना स्वतः स्वरसाधनेचे पाठ देते. त्यांतील एकीची आई साताऱ्याची असून पाठ संपेपर्यंत दाराशी उभी राहून ऐकते, आणि मधूनच तिला न पटलेल्या उच्चारांवर हरकतही घेते.