नाणेघाटाच्या पायऱ्या

जुन्नरचे पठार पश्चिमेला जिथे एकाएकी तुटते आणि खाली कोकण पसरलेले दिसते, तिथल्या एका अरुंद खिंडीतून नाणेघाटाची वाट मुरबाडच्या बाजूला वैशाखरे गावाकडे उतरते. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल हीच वाट चढून जुन्नरकडे येत असे. हा सारा मुलूख ज्वालामुखीतून घडलेला असला, तरी येथे शंकूच्या आकाराचा आणि माथ्यावर विवर असलेला डोंगर शोधून सापडत नाही. कारण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला, पाण्यासारखा पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुढचा थर चढत गेला. दोन थरांमध्ये पुरेसा अवधी मिळाला की खालच्या थराचा माथा झिजून तांबडी माती होई. घाटातल्या काळ्या कातळात मध्येच दिसणारा विटकरी पट्टा, ज्याला भूशास्त्रात ‘रेड बोल’ म्हणतात, तो बहुधा अशाच एका विसाव्याची खूण असतो.

थराचा घट्ट गाभा कड्यासारखा उभा राहतो, तर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला माथा लवकर झिजून उतार होतो, आणि त्यामुळे अवघ्या सह्याद्रीला पायऱ्यांचे रूप आले आहे. या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. मराठीत मात्र डोंगर उतरणारी वाट आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्या या दोहोंना पूर्वीपासून घाट हा एकच शब्द आहे, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. बाहेरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, अशी परंपरा आहे. लेण्याच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या असून वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाहेर वाटेवरचे धोंडे मात्र ओझी वाहणाऱ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, आणि त्या माणसांपैकी एकाचेही नाव तिथे कोरलेले नाही. पावसाळ्यात पठारावरचे पाणी त्याच धोंड्यांवरून कोकणात उतरते.