कॅमेऱ्याच्या पिशवीत काय घ्यावे?

कॅमेरा विकत घेणे सोपे. पैसे साठले की दुकानात जायचे. पण तो घेऊन घराबाहेर पडताना पिशवीत काय भरायचे आणि काय मागे ठेवायचे, हे ठरवणे कठीण असते. सगळे घ्यावे तर खांदे भरून येतात. एखादी लेन्स घरी ठेवावी तर नेमके तिचेच काम पडेल, अशी धास्ती. अश्दोदच्या एका बेने इस्राएल घरात एका हनुक्काच्या आधी याच प्रश्नावर आजोबा आणि नातू यांचा वाद चार संध्याकाळी चालला. प्रश्न वजनाचा होताच, पण केवळ वजनाचा नव्हता. म्हणून तो वाद आपल्या वर्गातील लहानथोरांना सांगण्यासारखा आहे.

नातू बावीस वर्षांचा. लष्करातील सेवा संपवून आलेला. साठवलेल्या पैशांतून त्याने चांगला कॅमेरा आणि एकामागून एक पाच लेन्स घेतल्या होत्या. आजोबांचा जन्म अलिबाग तालुक्यातला. तरुणपणी त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता. त्या काळी हिंदुस्थानात घरोघरी दिसणारा, बडोद्यात बनणारा तो साधा कॅमेरा. लेन्स एकच, तीही न बदलणारी. १२० नंबरचा रोळ घातला की चौकोनी बारा फोटो निघत. सबंध सुट्टी त्या बारा फोटोंत बसवावी लागे. त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करण्याची सवय आजोबांच्या बोटांना जडलेली होती.

दोघे कोकणात निघाले होते ते एका कबरीसाठी. आजोबांच्या वडिलांची आई तिथे पुरलेली. वडील अगदी लहान असताना ती वारली. तिचा फोटो कोणी काढलेला नव्हता. तिची सारी निशाणी म्हणजे एक दगड आणि त्यावरची मराठी अक्षरे. गावात आता घराण्याचे कोणी उरले नाही. त्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि दरसाल दगडावरचे अक्षर थोडे थोडे पुसत जाते. आजोबांना पुन्हा तो प्रवास जमेल की नाही, हे घरातले कोणी बोलून दाखवत नव्हते.

आणखी एक अडचण होती. नातवाला मराठी बोललेले समजते, पण वाचता येत नाही. आजोबांना वाचता येते, पण डोळ्यांवर मोतीबिंदू आलेला. म्हणजे दगडावरचे अक्षर तिथल्या तिथे वाचले जाईल, याची खात्री नव्हती. फोटो असा हवा होता की तो इस्राएलात आणून, मोठा करून, जाणत्या माणसांपुढे ठेवता येईल.

पहिल्या संध्याकाळी नातवाने सगळा संसार पलंगावर मांडला. कॅमेरा, १६ ते ३५ मिलिमीटरची रुंद लेन्स, २४ ते ७० ची झूम, लांबचे जवळ आणणारी ७० ते २००, माणसांच्या फोटोंसाठी ८५, जवळून फोटो काढण्यासाठी ५० ची मॅक्रो, फ्लॅश, तिपाई, लॅपटॉप आणि वायरींचे भेंडोळे. आजीने विमानाच्या सामानाचा काटा आणून पिशवी लटकवली. नऊ किलो.

"एक ना धड भाराभर चिंध्या," आजोबा म्हणाले.

"सबा, काय लागेल ते आधी कसं कळणार?" नातवाने विचारले.

"म्हणूनच आधी फोटोंची यादी कर. लेन्सची मागून."

पटकन ऐकले तर ही थट्टा वाटेल. पण बहुतेक लोक करतात ते याच्या उलट असते. आपल्याकडे असलेल्या वस्तू पाहून प्रत्येकीला काहीतरी काम शोधून देतात. आजोबांनी वहीचे एक पान फाडून दिले आणि पाच ओळी लिहायला सांगितल्या. कबरीवरचे अक्षर. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ सिनेगॉगचा आतील भाग. कबरस्तानाकडे लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा. आजोबांच्या जुन्या घराची जागा. आणि ठाण्याच्या एका नातेवाइकाकडे असलेले लग्नाचे जुने फोटो. आजीने पान वाचले आणि म्हणाली, "मलिद्याच्या ताटात पाच फळं पुरतात. कोणी सबंध बाजार उचलून आणत नाही."

दुसऱ्या संध्याकाळी यादीतील एकेका ओळीपुढे लेन्स लिहायला सुरुवात झाली. ७० ते २०० सर्वांत आधी गेली. तिचे एकटीचे वजन जवळपास दीड किलो आणि पाचांपैकी एकाही फोटोसाठी ती लागत नव्हती.

"पण एखादा पक्षी दिसला तर?"

"तर बघायचा."

१६ ते ३५ वर नातू अडून बसला. सिनेगॉगची आतली जागा मोठी नाही, मध्ये तेबा, मागे सरकायला जागा मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे. ते चूक नव्हते. पण रुंद लेन्सचा एक दोष आहे. कॅमेरा जरा वर उचलला की खांब आणि भिंती आत झुकलेल्या दिसतात आणि जवळची वस्तू भलतीच मोठी होते. आजोबांनी त्याला डेव्हिड रुबिंगर यांच्या फोटोची आठवण दिली. ७ जून १९६७ रोजी कोतेलपाशी उभ्या असलेल्या छत्रीधारी सैनिकांचा तो फोटो इस्राएलात प्रत्येक मुलाने पाहिलेला आहे. तेव्हा कोतेलसमोर आजच्यासारखे मोकळे पटांगण नव्हते. समोरची घरे अगदी अंगावर आलेली होती. रुबिंगर जमिनीवर आडवे झाले आणि खालून फोटो काढला. सैनिकांच्या चेहऱ्यांमागे भिंत उंच उभी राहिली, ती त्यामुळे. जागा कमी पडली की प्रत्येक वेळी नवी लेन्स लागतेच असे नाही. कधी गुडघे टेकावे लागतात, कधी पाठ भिंतीला लावावी लागते. १६ ते ३५ मागे राहिली.

८५ चा वाद मात्र खरा वाद होता. तिचे तोंड एफ १.८ पर्यंत उघडते. एफ ४ च्या मानाने जवळजवळ पाचपट उजेड आत येतो. चेहरा स्वच्छ आणि मागचे सगळे विरघळलेले, असा सुंदर फोटो तिने निघतो. नातवाला शेजाऱ्याचा चेहरा तसाच हवा होता.

"मागचं विरघळलं तर मग उरलं काय?" आजोबांनी विचारले. "त्याच्या मागे कबरस्तानाचं फाटक आहे. तेच तर आणायचं आहे. आणि त्या लेन्सने अर्ध्या अंगाचा फोटो घ्यायला तू इतका लांब उभा राहशील की बोलणार कसा? आधी माणसाशी बोलायचं, मग फोटो. बोलता येईल इतक्या अंतरावरूनच काढ."

यावर नातवाजवळ उत्तर नव्हते. ८५ गेली. पण आजोबांच्या मनात आता केवळ ५० ची एकच लेन्स न्यायची होती, ते नातवाने मानले नाही. त्याचा मुद्दा पक्का होता. मुंबईहून मांडव्याला बोटीने जायचे. खारा वारा, पाण्याचे तुषार. पुढे रस्त्याची लाल धूळ. अशा ठिकाणी लेन्स काढून दुसरी लावली की धूळ आत शिरून सेन्सरवर बसते आणि मग प्रत्येक फोटोत डाग दिसतो. २४ ते ७० ची झूम एकदा लावली की सिनेगॉगचा आतला भाग, घराची जागा आणि माणूस, तिन्ही कामे लेन्स न बदलता होतात. आजोबांनी मान डोलावली. मॅक्रो ठरली ती जुन्या फोटोंसाठी आणि दगडावरील बारीक अक्षरांसाठी. तिच्याने वस्तूच्या अगदी जवळ जाता येते आणि सरळ रेषा सरळच राहतात. इतर लेन्स हातभर अंतरावर अडतात.

तिसऱ्या संध्याकाळी लेन्सखेरीजच्या वस्तू ठरल्या आणि खरे काम त्यांनीच केले असे पुढे दिसून आले. फ्लॅश घरी राहिला. त्याच्या जागी साधी हातातील बॅटरी आली. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो आणि कोरलेल्या अक्षरातील सावली मारून टाकतो. दगड पांढरा पडतो, अक्षर नाहीसे होते. बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरली तर प्रत्येक खाच सावलीने भरते आणि बटण दाबण्याआधीच परिणाम डोळ्यांना दिसतो. तिपाई घेतली, कारण एका हातात बॅटरी असताना कॅमेरा स्थिर कोण धरणार? मऊ ब्रश घेतला. खडू किंवा तारेचा ब्रश मुळीच नाही. अक्षर उठून दिसावे म्हणून दगडावर खडू घासणारे लोक अक्षर वाचवत नाहीत, झिजवतात.

बाकी सामान लहान होते. दोन जादा बॅटऱ्या, त्या विमानात हातातील पिशवीतच ठेवायच्या. दोन मेमरी कार्डे. लेन्स पुसायचा कपडा. थंड खोलीतून दमट हवेत आल्यावर लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा ठेवायला प्लास्टिकची बंद पिशवी. बाहेर आल्यावर तो पिशवीतच थोडा वेळ राहू द्यायचा. पाण्याची बाटली, पिण्यासाठी आणि कबरस्तानातून निघताना हात धुण्यासाठी. आणि एक वही. फोटोत कोण आहे, कुठे आहे, कोणत्या ओळीतील दगड आहे, हे कॅमेरा सांगत नाही. आजोबांच्या पिढीतील कितीतरी फोटोंतली माणसे आता अनोळखी झाली आहेत, कारण कोणी पाठीमागे पेन्सिलीने नाव लिहून ठेवले नाही.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत कॅमेरा पिशवीतून निघणार नाही, हेही ठरले. म्हणजे सिनेगॉगचा फोटो गुरुवारीच काढायचा. चौथ्या संध्याकाळी काटा पुन्हा लागला. तिपाई धरून पावणेचार किलो.

कोकणात काय झाले? सगळे मनासारखे झाले असे नाही. सिनेगॉगमध्ये उंचावर लावलेल्या एका पाटीवरची लहान नावे ७० मिलिमीटरने वाचण्याजोगी आली नाहीत. तिथे दीड किलोची लेन्स कामाला आली असती. निवड केली की किंमत पडतेच. शेजाऱ्याचा फोटो मात्र असा निघाला की त्यात त्याचा चेहरा, हातातील कोयता आणि मागचे फाटक तिन्ही दिसतात. फोटोआधी त्याच्याबरोबर अर्धा तास बोलणे झाले होते आणि वहीत दोन पाने भरली होती.

कबर भर दुपारी सापडली. विहिरीच्या बाजूने तिसऱ्या ओळीत, वडील सांगत तशी. पण ऊन डोक्यावर होते आणि दगड सपाट, कोरा दिसत होता. नातवाने काढलेल्या पहिल्या दहा फोटोंत नावसुद्धा नीट लागत नव्हते. ते थांबले. चारनंतर ऊन तिरपे झाले तशा ओळी उठू लागल्या. मावळतीनंतर अंधुक उजेडात तिपाई लावून नातवाने मॅक्रोने एकेक ओळ वेगळी घेतली. आजोबांनी जमिनीवर बसून बॅटरी धरली, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून.

ते फोटो इस्राएलात आल्यावर मराठीच्या वर्गात पडद्यावर मोठे करून लावले. नाव लगेच वाचता आले. अडले ते वयापाशी. आकडा ३१ होता की ३९? झिजलेल्या दगडावर १ आणि ९ फसवतात. वर्गातील दोन वृद्ध बाई आणि एक गृहस्थ बराच वेळ पडद्याजवळ उभे होते. डावीकडून उजेड टाकलेल्या फोटोत दोन्ही वाचने शक्य वाटत होती. उजवीकडून टाकलेल्या फोटोत गाठीचे वळण स्पष्ट दिसले आणि आकड्याची शेपटी कोणीकडे जाते तेही. ३१.

आजोबा त्या वेळी ७८ वर्षांचे. 'आजी' म्हटल्यावर जन्मभर त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या केसांची, नऊवारी नेसलेली म्हातारी उभी राहत असे. ती एकतीस वर्षांची होती. नातवाने हिशोब केला, त्याच्यापेक्षा नऊच वर्षांनी मोठी. त्याने वही पुढे ओढली आणि त्या वर्गातल्या बाईंना विचारले की ३१ हा आकडा आणि तिचे नाव मराठीत कसे लिहायचे. बाईंनी त्याच्या हाताला धरून लिहून दाखवले.