आधी गुलाल पुसून बघ

चि. मनू,


चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर वैद्यकीय पथकात तुझी ड्युटी लागल्याचं ताई सांगत होती. गॅस्ट्रायटिसचा पेशंट तपासताना नेमकं काय शोधायचं, असं तू विचारलं होतंस. खरं सांगू? हाताला जवळजवळ काहीच लागत नाही. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या बेचक्यात दाबलं की थोडं दुखतं, तेही सगळ्यांना नाही. आणि नुसतं अपचन झालेल्यालाही तिथं दुखतंच. जठराच्या अस्तराची सूज पक्की ठरते ती दुर्बिणीतून तुकडा काढून तपासल्यावर. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टरचे जंतू स्वतः पिऊन पाहिले. त्यांना उलट्या झाल्या, पण सुजेचा पुरावा मिळाला तो अशा तुकड्यातच. २००५ मध्ये सहकारी वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

मग पोटाला हात लावायचाच कशाला? कारण डोंगरावर जो तो 'डॉक्टर, पित्त झालंय' म्हणतच तुझ्यापुढे बसणार. उपवास, रिकाम्या पोटी चहावर चहा, गाडीवरची मिरची भजी आणि चालून पाय सुजले म्हणून मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी. यातल्या बहुतेकांना खरंच पित्त असतं. तुला हुडकायचाय तो उरलेला एखादा.

त्यात जोतिबाची अडचण म्हणजे गुलाल. कपाळ, नखं, तळहात, सगळं गुलाबी. रक्त कमी झालेला माणूसही तिथं टवटवीत दिसतो! ओल्या कापसानं डोळ्याभोवतीचं पुसून घे, खालची पापणी ओढ, मग जीभ बघ. फिकट दिसली की शौचाचं विचार. नुसतं 'काळी होते का' म्हटलंस तर लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची होते का, असं विचार. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण अशी चिकट नाही. नाडी जोरात पळत असेल आणि उभं केल्यावर बीपी घसरत असेल, तर पित्ताची गोळी देऊन वाटेला लावू नकोस. सलाईन लाव आणि खाली धाड.

पोट तपासताना गुडघे दुमडायला लाव, दुखऱ्या जागेपासून लांबून सुरुवात कर आणि नजर त्याच्या तोंडाकडे ठेव. पोट फळीसारखं टणक आणि माणूस हलायला तयार नाही, म्हणजे अल्सर फुटला असं धरूनच चाल. उलट उंच सासनकाठ्या नाचवणाऱ्या पोरांचं बघ. पाडळीची मानाची काठी निघाली की मागून सगळ्या काठ्या नाचू लागतात, आणि संध्याकाळी त्यातलीच पोरं पोट धरून येतात. झोपवून दुखऱ्या जागी बोट दाब, तसंच ठेवून डोकं उचलायला सांग. दुखणं वाढलं तर बहुधा ते पोटाच्या स्नायूंचं.

पन्नाशीपुढचा गडी असेल तर सदरा बघ. गळ्याशी ढगळ झालेला सदरा वजनकाट्याच्या आधी बोलतो. अशाच्या गळ्याच्या डाव्या हाडावरच्या खळग्यात बोटं फिरव. तिथं टणक गाठ लागली तर जठराच्या कॅन्सरचा विचार करावाच लागतो.

आणि गायमुखाकडून चढ चढताना ज्याची 'ॲसिडिटी' वाढते अन् बसल्यावर थांबते, त्याच्या पोटाला हात लावण्याआधी ईसीजी काढ. त्यातून घाम फुटलेला असेल, मधुमेह असेल, तर बोलत बसूच नकोस. पित्ताच्या पातळ औषधाच्या दोन चमच्यांनी बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. गॅस्ट्रायटिस चिठ्ठीवर लिहायला फार सोपा आहे, म्हणूनच तो शेवटी लिहायचा.

संशय आला त्याला खाली कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात पाठव, पण संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघायच्या आत. त्यानंतर त्या गर्दीतनं ॲम्ब्युलन्स काढायची म्हणजे पोलिसांच्या हातापाया पडावं लागतं. त्यांच्या साहेबांचा नंबर सकाळीच घेऊन ठेव.

तुझा,
मामा