चिकनचा कुर्ता आणि त्यामागचे हात

तुमच्या कपाटात एखादा चिकनचा कुर्ता नक्की असेल. पांढरा, फिका गुलाबी किंवा पिस्ता रंगाचा. उन्हाळा सुरू झाला की तो वरच्या घडीत येतो. ऑफिसला चालतो आणि घरच्या पूजेलाही चालतो. इस्त्री केली, कानात मोत्याचे टॉप्स घातले की झालं! पण हा कुर्ता कधी उलटा करून पाहिलात का? आतल्या बाजूला दोऱ्याचे बारीक बारीक पूल दिसतात. कुठे गाठ, कुठे एखादा टाका जरासा लांबलेला. तो टाका लांबला तेव्हा कदाचित चुलीवरचं दूध उतू जात असेल, नाहीतर पाळण्यातलं मूल जागं झालं असेल. कारण हे भरतकाम कारखान्यात होत नाही, घरात होतं.

लखनऊला जायचा बेत असेल, तर इमामबाडा आणि कबाब यांच्या यादीत आणखी एक गोष्ट घाला. हा कुर्ता ज्या वाटेने आपल्यापर्यंत आला, ती वाट उलट दिशेने चालून बघा. दुकानापासून पहिल्या टाक्यापर्यंत.

सुरुवात चौकातून

चौक म्हणजे लखनऊचा जुना बाजार. एका टोकाला गोल दरवाजा, दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा आणि मधे गर्दीने भरलेला रस्ता. अत्तराची दुकानं, फुलांचे हार, चांदीचा वर्ख कुटणाऱ्यांची ठकठक. हिवाळ्यात सकाळी गेलात तर मख्खन मलई नक्की खा. दुधाचा हा केशरी फेस तोंडात टाकला की विरघळून जातो.

चिकनच्या जुन्या दुकानांत चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसायचं असतं. दुकानदार एकामागून एक कुर्ते समोर टाकत जातो. थोड्याच वेळात लक्षात येतं, की दुरून सारखेच दिसणारे दोन कुर्ते, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट. कापड जवळजवळ तेच, रंगही तोच. मग एवढा फरक कशाचा? टाक्यांचा.

टाके वाचायला शिका

चिकनकारीत बत्तीस टाके आहेत असं म्हणतात. मोजायला बसलात तर प्रत्येक जण वेगळी यादी सांगतो, पण चार-पाच नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

टेपची म्हणजे आपला धावदोरा, सगळ्यात साधा. बखिया जरा वेगळी. तिचा एक प्रकार, उलटी बखिया, कापडाच्या मागच्या बाजूने भरतात. दोरे मागे एकमेकांवरून जातात आणि पुढून पारदर्शक कापडातून त्यांची फक्त सावली दिसते. फंदा हा बाजरीच्या दाण्याएवढा गोल टाका आणि मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट. दोन्ही कापडावर उठून दिसतात, बोट फिरवलं तर हाताला लागतात. आणि मग जाली. नीट बघा, जाळीत एकही धागा कापलेला किंवा उपसलेला नसतो. सुईने कापडाचे धागे हळूहळू बाजूला सारून, दोऱ्याने बांधून ती छिद्रं तयार करतात.

बाजारातला स्वस्त माल मुख्यतः बखियाचा असतो, कारण ती लवकर भरून होते. बारीक फंदा, मुर्री आणि जाली भरणाऱ्या बायका कमी. एकाच कुर्त्यावर वेगवेगळे टाके असतील, तर तो अनेकदा एका बाईकडून दुसरीकडे आणि दुसरीकडून तिसरीकडे जातो.

निळी रेघ आणि पांढरा कुर्ता

आता एक पाऊल मागे जाऊ. दुकानात येण्याआधी कुर्ता धोब्याकडे होता. हे वाचून नवल वाटेल, पण भरून आलेला कुर्ता मळका, कळकट असतो. कित्येक आठवडे तो हातांत, मांडीवर, पिशव्यांत फिरलेला असतो. शिवाय त्यावर छापलेली निळी नक्षी अजून दिसत असते. गोमतीकाठचे धोबी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. धुऊन, कांजी करून, इस्त्री केल्यावर निळी रेघ नाहीशी होते आणि फक्त दोरा उरतो.

ती निळी नक्षी काढतो छापणारा. त्याच्या छोट्याशा दुकानात भिंतीला लाकडी ठशांच्या रांगा असतात. बुट्टी, वेल, कोयरी. ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून हाताने ठोका द्यायचा. हात इतका सरावलेला, की वेलीचा सांधा कुठे आला ते शोधूनही सापडत नाही.

आणि त्याही आधी दर्जी. आपल्याला वाटतं, आधी भरतकाम आणि मग शिवण. पण चिकनच्या कुर्त्याची जुनी पद्धत उलटी. आधी कापून, शिवून कुर्त्याचा आकार तयार करायचा आणि मग त्यावर छापायचं, भरायचं. त्यामुळे गळ्याची आणि बाह्यांची नक्षी अगदी जागच्या जागी बसते.

आता मोजा. दर्जी, छापणारा, धोबी, दुकानदार. या सगळ्यांची दुकानं आहेत, त्यांना बाजारात जाऊन भेटता येतं. भरणारी मात्र बाजारात कुठेच दिसत नाही, आणि कुर्ता सगळ्यात जास्त दिवस तिच्याकडे असतो.

काकोरी, मलिहाबाद आणि अंगणं

ती भेटते जुन्या शहरातल्या गल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत. काकोरी हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असतं, 1925 सालच्या क्रांतिकारकांच्या धाडसामुळे. मलिहाबाद दशहरी आंब्यामुळे माहीत असतं. या दोन्ही भागांत आंब्याच्या बागांमधल्या वस्त्यांतून घरोघरी चिकनचं काम चालतं.

अशा एका घरात मी दुपारभर बसले होते. अंगणात बाज, बाजेवर तिघी जणी. सासू, सून आणि शेजारची शाळकरी मुलगी. कापड डाव्या हाताच्या बोटांवर ताणलेलं, उजव्या हाताची सुई आत-बाहेर. बोलणं थांबत नव्हतं आणि सुईसुद्धा. ऊन सरकलं की बाज सरकत होती, कारण पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा भरायला उजेड लागतो. सासूबाईंनी मुर्री सोडून दिली होती. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून त्या फक्त बखिया भरतात आणि बारीक काम सून करते. मान आणि पाठ दुखण्याचं तर त्यांना काही वाटतच नव्हतं, ते कामाबरोबर येणारच असं धरलेलं.

मजुरी नगावर मिळते. किती तास लागले हे कोणी मोजत नाही. माल आणणारा मध्यस्थ छापलेलं कापड देऊन जातो आणि भरलेलं घेऊन जातो. डाग पडला, उशीर झाला, तर पैसे कापतो. मधे हात जितके जास्त, तितका तिचा वाटा लहान. मी फोनवर चौकातल्या एका तयार कुर्त्याचा फोटो दाखवला, तेव्हा सुनेने तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. तिच्या हातून कुर्ता जातो तो मळका आणि निळ्या रेघांचा. धुतलेला, कडक इस्त्रीचा, दिव्याखाली टांगलेला तिला क्वचितच बघायला मिळतो.

घरात आलेलं काम

बडा इमामबाडा बघताना गाइड तुम्हाला सांगेल, की 1784 साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौला यांनी तो बांधायला घेतला. खानदानी लोकांना मजुरी करताना कोणी ओळखू नये म्हणून त्यांना रात्री काम दिलं जाई, अशी आख्यायिकाही आहे. खरं-खोटं काहीही असो, पडद्याआड केलेल्या कामाचाही दाम द्यायचा असतो, एवढं तरी त्या गोष्टीत आहे.

चिकनच्या बाबतीत नेमकं तेच राहून गेलं. नवाबी काळात या कामात पुरुष कारागीरही होते, उस्ताद म्हणून त्यांना मान होता. दरबार गेले, आश्रय गेला आणि हळूहळू काम बायकांकडे आलं. पडद्यातल्या, घराबाहेर न पडणाऱ्या बायकांकडे. सुई तीच, टाके तेच. पण उस्तादाचा हुन्नर होता तो बायकांच्या हातात आल्यावर ‘फावल्या वेळचं काम’ झाला. फावल्या वेळाला कोण किती पैसे देणार?

हे वाक्य मला फार ओळखीचं आहे. माझी आई घरी ब्लाउज शिवते. अस्तराचे, कटोरीचे, लग्नसराईत तर रात्री एक-एक वाजेपर्यंत. माझ्या कॉलेजच्या फीमध्ये त्या मशीनचा वाटा होता. तरी आई काय करते असं कोणी विचारलं, की आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडून एकच उत्तर येई, ‘ती घरीच असते.’ त्या अंगणात बसल्यावर कळलं, की हे उत्तर फक्त आमच्या घराचं नाही.

चित्र थोडं बदललं

या बायकांची बाजू कोणी घेतलीच नाही असं नाही. 1986 साली मुजफ्फर अली यांनी ‘अंजुमन’ हा चित्रपट काढला. त्यात शबाना आझमी लखनऊच्या चिकन भरणाऱ्या मुलीच्या भूमिकेत आहेत आणि ती मुलगी मजुरीसाठी उभी राहते. त्याआधी दोन वर्षं, 1984 मध्ये, रुना बॅनर्जी आणि सेहबा हुसैन यांनी ‘सेवा लखनऊ’ ही संस्था सुरू केली. मध्यस्थाला बाजूला ठेवून बायकांनी थेट माल विकायचा, ही तिची साधी कल्पना. ज्या बायका कधी मोहल्ल्याबाहेर गेल्या नव्हत्या, त्या प्रदर्शनांत स्वतःच्या कामाची किंमत सांगू लागल्या.

2008 साली लखनऊच्या चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण नाव सुरक्षित झालं म्हणून मजुरी वाढतेच असं नाही. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखेच हक्क मिळावेत, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 सालीच केला आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. दरम्यान मशीनवर भरलेला ‘चिकन’ कुर्ता बाजारात आला आहे आणि हाताच्या कामाचा भाव आणखी पाडतो आहे.

खरेदी करताना एवढं करा

कुर्ता उलटा करा. मशीनचं भरतकाम मागूनही एकसारखं, आखल्यासारखं दिसतं. हाताच्या कामात गाठी असतात, दोरा एका फुलावरून दुसऱ्याकडे गेलेला दिसतो, दोन पानं कधीच तंतोतंत सारखी नसतात. तो दोष नाही, ती सही आहे.

दुकानदाराला विचारा, काम कुठल्या गावात झालं आणि किती दिवस लागले. प्रत्येक जण खरं सांगेल असं नाही, पण गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदारालाही उत्तर शोधावं लागतं. जमलं तर कारागीर बायकांच्या संस्थेकडून घ्या. आणि मशीनच्या कुर्त्याचा भाव दाखवून हाताच्या कुर्त्यावर घासाघीस करू नका. त्यातून जे पैसे सुटतात, ते बहुतेक वेळा अंगणातल्या बाजेवरचेच असतात.

लखनऊ लांब असेल, लगेच जाणं जमणार नसेल, तरी हरकत नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावात, तुमच्याही गल्लीत ‘फॉल-बिडिंग, पिको करून मिळेल’ अशी पाटी असेलच. पाटीमागे एक बाई असेल, तिचं मशीन खिडकीपाशी असेल. तिच्याकडे तुमचा एखादा ब्लाउज शिवून तयार पडला असेल, तर आज जाऊन घेऊन या. आणि सुटे नाहीत, पुढच्या वेळी देते, असं म्हणू नका.