समोरासमोरची पानं

ख्रिस्तोफर स्मार्टने इंग्रजीत आणलेल्या फीड्रसच्या नीतिकथा लंडनच्या डॉड्सली या प्रकाशकाने १७६५ साली काढल्या. एका पानावर मूळ लॅटिन पद्य, समोरच्या पानावर त्याचं इंग्रजी पद्य. पुस्तक कोटाच्या खिशात मावेल एवढंच. त्याची एक प्रत गिरगावात, खोताच्या वाडीतल्या एका जुन्या घरात आहे. घरच्या आंटींचे काका पाद्री होते. फोर्टातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी ती उचलली होती. पावसाळ्यात तिचा कणा सुटला, दोरे तुटले, आणि आंटींनी पुस्तक जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या हाती दिलं. "शिवून आण. कापायला देऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

गिरगावातले बाइंडर आता फार उरलेले नाहीत. मी ज्यांच्याकडे गेलो ते काका लालबागच्या चाळीत राहतात आणि रोज गिरगावात येऊन एका जिन्याखाली बसतात. त्यांनी पुस्तक सोडवलं, फर्मे म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे ओळीने मांडले आणि कपाळाला आठ्या घातल्या. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. बाइंडरने क्रम चुकवू नये म्हणून ही खूण. 'आय'नंतर एकदम 'के' आला होता. "मधला फर्मा गहाळ आहे," काका म्हणाले. "जे नाही." फर्मा गहाळ नव्हता. त्या काळातले इंग्रज मुद्रक या खुणांसाठी लॅटिनची तेवीस अक्षरी मुळाक्षरं वापरत आणि त्यात 'जे' नव्हताच. 'आय'चं शेवटचं पान आणि 'के'चं पहिलं पान जोडून मी वाचून दाखवलं. कथा सलग पुढे जात होती. काकांनी मान डोलावली, पण सुई ओवण्याआधी सगळे फर्मे स्वतः पुन्हा एकदा तपासले.

द्विभाषिक पुस्तकात ही तपासणी नेहमीच्या पुस्तकापेक्षा जास्त महत्त्वाची असते. साध्या पुस्तकात एखादं पान मागेपुढे शिवलं गेलं तर वाचक अडखळतो, दोन पानं उलटतो आणि धागा पकडतो. इथे एक पान हललं तर लांडग्याच्या लॅटिनसमोर बेडकाचं इंग्रजी येतं. दुसरी गोष्ट शिवणीची. घट्ट शिवलं तर मधला समास गिळला जातो, ओळींची टोकं कण्यात जातात आणि दोन्ही पानं एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाहीत. काकांनी जुजबंदी सैल धरली, पुस्तक टेबलावर सपाट उघडेल अशी. एरवी ते खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. या पुस्तकासाठी घातला नाही. मोरचुदातल्या तांब्याने जुना कागद काळाच्या ओघात खराब होतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून नाही, हाताखालून गेलेल्या वह्यांवरून ठाऊक होतं. चिंध्यांच्या लगद्याचा तो हातकागद अजून लवचीक होता. शंभर वर्षांनंतरच्या लाकडी लगद्याच्या पुस्तकांची पानं त्यांच्या बोटांत मोडून येतात.

शिवून आणलेलं पुस्तक आंटींकडे गेलं आणि मग खरं वाचन सुरू झालं. आंटींनी मॅट्रिकला लॅटिन घेतलं होतं. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना संस्कृत, फारसी, अरबी यांच्याबरोबर लॅटिनही चालत असे, आणि गिरगावातल्या कॅथलिकांची १९६०च्या दशकापर्यंत चर्चमधली प्रार्थनाही त्याच भाषेत होई. त्यांची पद्धत ठरलेली. एक ओळ लॅटिनमध्ये मोठ्याने म्हणायची, मी समोरचं इंग्रजी वाचायचं आणि मग दोघांनी मिळून मराठीत सांगायचं. त्या काळच्या टाइपात लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे माझं इंग्रजी त्यांच्या लॅटिनपेक्षा जास्त अडखळत होतं.

पहिल्या भागातली पहिलीच कथा लांडगा आणि कोकराची. लांडगा वरच्या अंगाला, कोकरू खाली. पाणी गढूळ केलंस, असा आरोप. पाणी तुमच्याकडून माझ्याकडे येतंय, असं उत्तर. मग सहा महिन्यांपूर्वी शिव्या दिल्यास. तेव्हा माझा जन्मच नव्हता. मग तुझ्या बापाने दिल्या असतील. आणि झडप. ही गोष्ट मराठी पोरांना शाळेत चित्रांसह भेटते. आंटी म्हणत होत्या तेव्हा मात्र ती कोर्टातल्या उलटतपासणीसारखी ऐकू येत होती: आरोप, खंडन, नवा आरोप, आणि निकाल आधीच ठरलेला.

फीड्रसला हे कुठून सुचलं असेल, हे त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, जन्माने ग्रीक जगातला. हस्तलिखितात त्याची ओळख ऑगस्टस सम्राटाने मुक्त केलेला गुलाम अशी दिली आहे. इसापाच्या कथा त्याने लॅटिन पद्यात बांधल्या, पाच भागांत. तिसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत तो नीतिकथा का जन्माला आल्या ते सांगतो: गुलामाला मनातलं उघड बोलण्याची सोय नव्हती, शिक्षेचं भय होतं, म्हणून त्याने ते प्राण्यांच्या तोंडी घातलं. त्याच ठिकाणी तो सेजानसचं नाव घेतो. तायबेरियस सम्राटाचा हा जबरदस्त सरदार आपल्यावर फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश असा तिन्ही नात्यांनी उभा राहिला, अशी त्याची तक्रार आहे. इ. स. ३१ मध्ये सेजानसलाच मृत्युदंड झाला.

समोरच्या पानावरचा माणूसही काही सुखात नव्हता. स्मार्ट हा इंग्रजी कवी. १७५७ ते १७६३ या काळातला बराचसा वेळ त्याला वेड्यांच्या इस्पितळांत कोंडून ठेवलेलं होतं. सुटल्यानंतर दोनच वर्षांनी हे पुस्तक आलं. १७७१ साली तो कर्जापायी लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत वारला. बंधनातून आलेल्या दोन माणसांची पद्यं सतराशे वर्षांच्या अंतराने एकमेकांकडे तोंड करून छापलेली आहेत. मला या पुस्तकाचं मोल त्याच्या वयापेक्षा या मांडणीत जास्त वाटतं.

मराठीत इसाप आला तो दोन वाटांनी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या दरबारात 'बालबोधमुक्तावली' तयार झाली. मग मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांचं इसापनीतीचं भाषांतर १८२८ साली निघालं, नव्या शाळांतल्या मुलांसाठी. युरोपात इसापाच्या नावावर फिरणाऱ्या पुष्कळशा कथा मध्ययुगात फीड्रसच्याच पद्यांची गद्यरूपं करून पसरल्या होत्या. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' असं म्हणणारा माणूस त्या मुक्त गुलामाचंच बोलणं पुढे चालवत असतो. पण वाटेत गुलाम गळाला, सेजानस गळाला आणि उरलं ते बालवाङ्मय. मुलांना या कथा जरूर द्याव्यात. फक्त त्या मुलांसाठीच लिहिल्या गेल्या, हा समज आपण मोठ्यांनी सोडायला हवा.

याचा पुरावा मला बाइंडर काकांकडे मिळाला. शिवण बघायला मी पुस्तक परत नेलं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं की एवढं जपायचं तर आत आहे तरी काय. मी पहिल्या भागातली म्हातारा आणि गाढवाची कथा सांगितली. शत्रू चाल करून येतो. म्हातारा गाढवाला म्हणतो, पळ, नाहीतर आपण पकडले जाऊ. गाढव विचारतं, जिंकणारा माझ्या पाठीवर दोन गोण्या लादणार आहे का? नाही. मग ओझं एकच असेल तर मालक कोण, याने मला काय फरक?

काकांचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. काका म्हणाले, "गाढवाची गोणी तरी राहिली. आमच्या बाबांची पाठ रिकामी झाली." मग म्हणाले, "ती बेडकांची सांगा. राजा मागतात ती." ती त्यांना शाळेपासून पाठ होती. अथेन्सच्या लोकांनी हुकूमशहा ओढवून घेतल्यावर इसापाने ही कथा सांगितली, असं फीड्रस म्हणतो, हे मात्र त्यांच्या धड्यात नव्हतं. बेडकांना आधी राजा म्हणून मिळालेला ओंडका आणि मग आलेला पाणसाप यांच्यामध्ये एक अख्खं शहर उभं आहे, हे कळल्यावर त्यांनी ती कथा माझ्याकडून पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

आंटींना आता पुढचं हवंय. फीड्रस आधुनिक जगाला मिळाला तोच मुळी उशिरा. फ्रान्समधल्या प्येर पिथूने नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितावरून १५९६ साली त्रुआ इथे तो पहिल्यांदा छापला. ते हस्तलिखित आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. पण पंधराव्या शतकात निकोलो पेरोत्ती नावाच्या इटालियन बिशपने आणखी तीसेक कथा उतरवून ठेवल्या होत्या, आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्समधून प्रसिद्ध झाल्या. स्मार्टच्या हातात त्या आल्याच नाहीत, म्हणून आंटींच्या प्रतीतही नाहीत. लोएब ग्रंथमालेत बेन पेरी यांनी १९६५ साली ग्रीक नीतिकथाकार बॅब्रियस आणि फीड्रस एकत्र संपादित केले, त्यात त्या मूळ आणि इंग्रजीसह आहेत. तो खंड मी मागवला आहे. आंटींची अट अशी, की या वेळी लॅटिन मी वाचायचं आणि चुका त्या काढणार.